वसंतामामींच्या धोत्र्याच्या कळ्या

चेन्नईत मी आले ती गंधारच्या नोकरीमागे. गंधार माझा नवरा. इरुंगाट्टुकोट्टैला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तो क्वालिटी विभागात लागला आणि आम्ही पेरुंगुडीला भाड्याने राहू लागलो. काही महिन्यांनी मलाही जवळच्याच एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची नोकरी मिळाली.

पहिल्या आठवड्यात मला काम असं नव्हतंच. प्रयोगशाळेच्या कपाटात काचेच्या स्लाइडच्या लाकडी पेट्या होत्या, त्या काढून मी एकेक स्लाइड मायक्रोस्कोपखाली लावून बघत बसले. बहुतेकांचा रंग उडालेला. काहींत छेद दुमडलेला, काहींत हवेचे बुडबुडे. एक स्लाइड मात्र लावली आणि मी खुर्ची पुढे ओढून घेतली. धोत्र्याच्या परागकोशाचा आडवा छेद होता तो. चारी कप्पे शाबूत, प्रत्येकाच्या भिंतीचा थर न् थर वेगळा दिसणारा, आत परागकण भरलेले. पेशींच्या भिंती लालबुंद आणि आतला भाग हिरवा. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘वसंता बाई, नंगनल्लूर’. खाली फोन नंबर.

मी फोन लावला. मोडक्या तमिळमध्ये इंग्रजी कालवून बोलायला सुरुवात केली. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि नाव विचारलं. मी सांगितलं.

“रेवा म्हणजे मराठी कां?” त्या म्हणाल्या. “मग मराठींतच बोल कीं. तमिळला कां त्रास देतेस?”

अशी आमची ओळख झाली.

नंगनल्लूरला त्यांचं बैठं घर आहे. दोन्ही बाजूंना मजल्यांवर मजले चढलेले आणि मधे हे घर. दाराशी कोलम, म्हणजे तांदळाच्या पिठाची ठिपक्यांची रांगोळी, आत गेलं की एका बाजूला देवघर आणि दुसऱ्या बाजूला जेवणाच्या टेबलावर मायक्रोटोम. मायक्रोटोम म्हणजे मेणाच्या ठोकळ्यातून केसाहून पातळ काप काढायचं यंत्र. ओतीव लोखंडाचं, धूड. वसंतामामींनी लग्नाआधी एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटरचं काम केलं होतं. पुढे त्या कॉलेजने जुनं सामान विकायला काढलं तेव्हा हे यंत्र त्यांच्या नवऱ्याने, सुधींद्र रावांनी, ऑटोत मांडीवर घेऊन घरी आणलं. बायकोने मागितलं नव्हतं. ती त्या यंत्राबद्दल झोपेत बोलायची, असं ते मला एकदा म्हणाले. खरंखोटं माहीत नाही. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते स्लाइडवर लेबलं चिकटवायचे आणि खोकी बांधायचे.

ही मंडळी मूळ तंजावरची. पिढ्यान् पिढ्या तिकडचीच. त्यांच्या घरातलं मराठी ऐकताना मला कधी कधी एखादी बखर कुणी मोठ्याने वाचतंय असं वाटायचं, फक्त मधेच ‘बरं’ म्हणायला ‘सेरी’ आणि ‘असं का’ म्हणायला ‘अप्पडिया’ यायचं. मामी ‘मला’ऐवजी ‘मज’ म्हणत आणि पोरांना ‘लेंकरूं’. मी त्यांना सुरुवातीला मॅडम म्हणत होते.

“मामी म्हण,” त्या म्हणाल्या. “गल्लींत सगळीं म्हणतात. मॅडम कोण ती मज माहीत नाहीं.”

मला कॉलेजसाठी स्लाइडचा एक संच हवा होता. परागकोश कसा घडत जातो ते टप्प्याटप्प्याने दाखवणारा, अगदी बारक्या कळीपासून उमललेल्या फुलापर्यंत. पुस्तकात चित्रं असतात, पण विद्यार्थ्यांना प्रत्येक टप्पा खऱ्या छेदात दिसला की विषय कायमचा डोक्यात बसतो. मामी खूश झाल्या. असं काम कुणी दिलंच नव्हतं म्हणाल्या. सगळे उमललेल्या फुलाचाच छेद मागतात, कारण तो परीक्षेला येतो.

त्या मला मागच्या अंगणात घेऊन गेल्या. वाळत घातलेल्या कपड्यांच्या मागे धोत्र्याची झुडपं होती, जांभळट देठांची, पुरुषभर उंच. त्यांनी वेगवेगळ्या लांबीच्या कळ्या खुडून तळहातावर ओळीने मांडल्या. सगळ्यांत छोटी तांदळाच्या दाण्याएवढी.

“हिच्यांत पाहशील तर परागकण नाहींत,” त्या म्हणाल्या. “नुसत्या सारख्या पेशी. मग कोपऱ्याकोपऱ्यांत चार जागीं कांहीं पेशी मोठ्या होऊं लागतात. त्या दुभंगतात. बाहेरच्या भिंत होतात, आंतल्या परागकणांच्या आया. त्या आयांस प्रत्येकीं चार लेंकरूं.”

“आणि भोवती टॅपेटम,” मी म्हटलं.

“होय. तो कसा सांगतेस पोरांना?”

मी पुस्तकातलं सांगितलं. परागकणांना पोषण पुरवणारा सगळ्यांत आतला थर, काम झाल्यावर विरून जातो.

“मी असं सांगायची,” मामी म्हणाल्या. “लग्नाचा मंडप समज. मध्यें पाहुणे बसलेत. भोंवतीं ही रांग म्हणजे समैयलवाले, स्वयंपाकी. त्यांनीं पाहुण्यांस पोटभर जेवूं घालायचं आणि जेवणं झालीं कीं भांडीं उचलून निघून जायचं. फूल उमलतें तेव्हां मंडपांत स्वयंपाकी दिसायचा नाहीं. कुणी होता हेंही कळायचं नाहीं.”

दुसऱ्या दिवशी मी वर्गात हेच सांगितलं. पोरं हसली, आणि चाचणीत सगळ्यांनी तो थर बरोबर ओळखला.

संच जून संपेपर्यंत द्यायचं ठरलं होतं. जून संपला. मी फोन केला तर मामी म्हणाल्या, मेण चांगलं आलं नाही. पुन्हा केला तर वीज जाते, ओव्हन थंड पडतो. तिसऱ्यांदा सुधींद्र रावांनी उचलला आणि त्या बाहेर गेल्यात म्हणाले, पण मागून मला त्यांचा आवाज ऐकू येत होता. मग एक दिवस त्यांनी स्वतःहून फोन केला आणि इतकंच म्हणाल्या, “रेवा, हें काम तूं दुसऱ्या कुणाकडून करून घे. मज जमायचं नाहीं.”

कारण विचारलं तर फोन ठेवला.

मी शनिवारी वेलचेरीहून ऑटो करून त्यांच्याकडे गेले. दार सुधींद्र रावांनी उघडलं. त्यांनी मला आत घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं की आज तिच्याशी जरा बेताने बोल. मग पिशवी घेऊन भाजी आणायला निघून गेले. भाजी पायरीवरच ठेवलेली मी येताना पाहिली होती.

मामी टेबलाशी बसल्या होत्या. मायक्रोटोमवर कापड टाकलेलं. मी शेजारी बसले. त्यांनी एक ट्रे माझ्यापुढे सरकवला.

“बघ,” त्या म्हणाल्या.

मी एकामागून एक स्लाइड लावली. सगळ्यांत छोट्या कळ्यांचे छेद ठीक होते. त्यापुढच्या कळ्यांत मात्र, जिथे परागमातृपेशींपासून चार-चारचे पुंजके व्हायला हवे होते, तिथे टॅपेटम आक्रसून भिंतीला चिकटला होता, जागोजागी तुटलेला. आणखी मोठ्या कळ्यांत परागकणांच्या जागी सुरकुतलेली टरफलं. कप्पे चारी होते, भिंत होती, आणि आत काही नाही.

“अल्कोहोल,” मी अभावितपणे बोलून गेले.

कळीचा छेद घ्यायचा तर आधी तिच्यातलं पाणी काढून टाकावं लागतं. त्यासाठी ती सौम्य अल्कोहोलमधून जराशा तीव्र, मग आणखी तीव्र, अशी पायरीपायरीने न्यायची असते. मधली एखादी पायरी गाळली तर पेशींना धक्का बसतो आणि त्या आक्रसतात. कुणीही या स्लाइड पाहिल्या असत्या तर पहिली शंका तीच घेतली असती.

“तेंच,” मामी म्हणाल्या. “पायरी गळते. आणि मज कळत नाहीं कोणती.”

मग त्यांनी आपल्या आईबद्दल सांगितलं.

अन्नपूर्णाबाईंचं कोलम साऱ्या गल्लीत नावाजलेलं होतं. मार्गळीच्या, म्हणजे आपल्या मार्गशीर्षाच्या सुमाराच्या, महिन्यात पहाटे लोक मुद्दाम पाहायला थांबायचे. अशाच एका सकाळी मामी दार उघडून बाहेर आल्या तर आई पिठाचा डबा हातात धरून उभी. ठिपक्यांची मधली एक ओळच घालायची राहिली होती. रेघा मधे येऊन अडकल्या होत्या आणि आई त्यांच्याकडे बघत होती, दुसऱ्या कुणीतरी घातलेलं कोलम बघावं तशी. त्यानंतर सांबारात चिंच घालायची राहू लागली. मग डाळ न धुता चढू लागली. रोजची, हाताच्या सवयीची कामं, आणि त्यांतली मधलीच एक पायरी नाहीशी. पुढे पुढे ती मामींना ‘अक्का’ म्हणू लागली. आपली थोरली बहीण समजून.

“आईस मी शेवटपर्यंत पाहिलें,” मामी म्हणाल्या. “मज ठाऊक आहे कुठून सुरू होतें तें. असंच सुरू होतें.”

“पण तुम्हाला दुसरं काही आठवेनासं झालंय का?”

“नाहीं. आईसही पहिल्यानें नव्हतं झालं.”

त्यांनी स्वतःची परीक्षा घेऊन पाहिली होती. प्रत्येक पायरी झाली की दाराच्या चौकटीवर खडूने रेघ मारायची. रेघा पूर्ण भरल्या, तरी छेद तसेच आले. तेव्हा त्यांच्या मनात आलं की आपण काम न करताच रेघ मारत असू. एवढं मनात आल्यावर मग कशावरच विश्वास राहिला नाही. गॅस बंद केला की नाही ते त्या परत परत बघू लागल्या. देवासमोर रोजची स्तोत्रं म्हणताना मधेच थांबून मागच्या ओळी तपासू लागल्या.

“सुधींद्र काकांना सांगितलंत?”

“नक्को. त्यांस कशास घाबरवायचं? आईचं सगळं त्यांनींही पाहिलेंय.”

घरी येऊन मी गंधारला सांगितलं. मामींबद्दल त्याला माहीत होतं, पण त्या कामातलं काही कळत नव्हतं. त्याने आक्रसलेल्या पेशी, अल्कोहोल, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “माल कुठला?”

“म्हणजे?”

“कळ्या कुठल्या? आमच्याकडे पार्ट खराब निघायला लागले की सगळे आधी मशीनवाल्याला धरतात. आम्ही आधी ओतकामाचा लॉट बदलून बघतो. मशीन तेच, माणूस तोच, फक्त माल दुसरा. तेवढं एकच बदलायचं.”

मला तो प्रश्न सुचला नव्हता. मामींनाही नाही. इतक्या वर्षांत त्यांनी कळ्या दुसरीकडून कधी आणल्याच नव्हत्या, आणि झुडपं तर हिरवीगार होती, फुलंही भरपूर येत होती.

आमच्या बिल्डिंगच्या मागे दलदलीच्या कडेला मोकळी जागा आहे. तिथे धोत्रा माजलेला असतो. रविवारी सकाळी मी जाऊन निरनिराळ्या लांबीच्या कळ्या खुडल्या, ओल्या कापडात गुंडाळल्या आणि नंगनल्लूरला घेऊन गेले.

मामींनी पुडी उघडून पाहिली आणि मिटून ठेवली.

“ह्याही खराब होतील,” त्या म्हणाल्या. “मग तूंही मज समजावूं शकायची नाहींस.”

त्यांची भीती मला तेव्हा कळली. आत्तापर्यंत निदान शंकाच होती, आणि शंकेत थोडी जागा असते.

“खराब झाल्या तर आपण डॉक्टरकडे जाऊ,” मी म्हटलं. “मी येईन बरोबर. पण आधी एवढं करा. काहीही बदलू नका. रोज करता तसंच करायचं.”

त्यांनी पुडीवर हात ठेवला. मग उठल्या, बाटल्या काढल्या आणि कळ्या द्रावणात टाकल्या.

या कामाला घाई चालत नाही. कळ्या मुरायला वेळ लागतो, मग अल्कोहोलच्या पायऱ्या, मग मेण. तो सगळा आठवडा मी फोन करायचा नाही असं ठरवलं होतं आणि रोज संध्याकाळी फोन हातात घेऊन ठेवत होते. पुढच्या शनिवारी त्यांचाच आला. छेद रंगवून तयार आहेत. पाहिलेले नाहीत. तू ये.

मी पोचले तेव्हा मायक्रोस्कोप खिडकीशी मांडला होता. सुधींद्र राव नेहमीप्रमाणे बाहेर पायरीवर. मामींनी स्लाइड लावली, डोळा टेकवला आणि स्क्रू फिरवत राहिल्या. फिरवून झाल्यावरही बघत राहिल्या. मग स्लाइड काढून दुसरी लावली. मग तिसरी. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. शेवटी त्या उठल्या, माझ्याकडे न बघता स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून हात धुऊ लागल्या. नळ बराच वेळ चालू राहिला.

मी जाऊन बसले आणि भिंगातून पाहिलं.

टॅपेटमच्या पेशी टपोऱ्या, गच्च भरलेल्या, एकीला एक लागून उभ्या होत्या. त्यांच्या कड्यात चार-चारचे पुंजके, नुकतेच दुभंगलेले, अजून एकमेकांना धरून असलेले. इतके नितळ छेद मी कॉलेजात असताना माझ्या सरांच्या संग्रहातही पाहिले नव्हते. पुढच्या स्लाइडमध्ये परागकण सुटे झाले होते आणि टॅपेटम विरघळू लागला होता, जेव्हा विरघळायला हवा तेव्हा. त्या पुढच्यात तो नव्हताच. शेजारचे दोन दोन कप्पे एक झाले होते आणि कण पिकले होते.

“काका,” मी हाक मारली. “आत या. बघा.”

सुधींद्र राव आत आले, पण मायक्रोस्कोपकडे गेले नाहीत. माझ्या चेहऱ्याकडे बघून ते भिंतीला टेकून खाली जमिनीवरच बसले. स्वयंपाकघरातून मामी आल्या, पदराला हात पुसत.

“मज ठाऊक होतें,” सुधींद्र राव म्हणाले.

“काय ठाऊक होतें?” मामींनी विचारलं.

“तुझी पायरी चुकत नाहीं तें. मी रोज पाहत होतों. मागच्या खिडकींतून. पहिल्या बाटलीपासून मेणापर्यंत. एक वेळही चुकलें नाहीं.”

मामी त्यांच्याकडे बघत राहिल्या. “मग सांगायचें कीं.”

“सांगितलें असतें तर तुज कळलें असतें, मी पाहतों म्हणून. म्हणजे मजही तीच शंका आली म्हणून.” ते थांबले. “आली होती. आरंभीं आली होती.”

मामी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या. मी जायला उठले तर त्यांनी हात धरून मला बसवलं आणि म्हणाल्या की जेवल्याशिवाय जायचं नाही. आणि मग त्या रडल्या, जराशाच, आणि रडताना हसत होत्या. मला माझ्या परीक्षेचा निकाल लागल्याचा दिवस आठवला.

जेवताना प्रश्न उरला होताच, की मग अंगणातल्या झुडपांना झालं काय. जेवणं झाल्यावर आम्ही तिघं मागे गेलो. ऊन उतरलं होतं, तरी अंगणात पाऊल टाकलं आणि तोंडावर गरम झोत आला. शेजारच्या जागी वर्षभरात एक लेडीज हॉस्टेल उभं राहिलं होतं. त्याच्या आमच्या बाजूच्या भिंतीवर एसीचे बाहेरचे डबे एकाखाली एक टांगलेले, सगळ्यांची तोंडं अंगणाकडे. मुली बहुतेक आयटीतल्या, कुणाची पाळी दिवसाची, कुणाची रात्रीची. एसी कधी बंद नसायचे.

“कपडे कसे झटकन वाळतात म्हणून मी खूश होतें,” मामी म्हणाल्या.

सुधींद्र राव झुडपात वाकून काहीतरी शोधत होते. “वसंता, फळं कुठें आहेत?”

आम्ही पाहिलं. धोत्र्याची काटेरी बोंडं, जी एरवी कपड्यांना अडकून वैताग आणतात, ती एकाही फांदीला नव्हती. फुलं येत होती आणि गळत होती. घराच्या पुढच्या बाजूला, फाटकाजवळ, धोत्र्याचं एक झुडूप आपोआप उगवलं होतं. धावत जाऊन पाहिलं तर त्याला बोंडं लगडलेली.

परागकोशाच्या घडणीत एक वेळ फार नाजूक असते, मातृपेशी दुभंगून चार-चारचे पुंजके होतात तेव्हाची. त्या सुमारास, दिवसाच नव्हे तर रात्रीसुद्धा, फार उष्णता लागली तर टॅपेटम वेळेआधीच मरू शकतो आणि परागकण उपाशी राहतात. टोमॅटोवर याचा पुष्कळ अभ्यास झालेला आहे. धोत्रा त्याच कुळातला. मी हे वर्गात शिकवलेलं होतं, आणि तरी अंगणात उभी राहून कपड्यांच्या दोरीखालून ये-जा करताना मला ते सुचलं नव्हतं. त्या डब्यांनीच हे केलं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण मामींनी फाटकाजवळच्या झुडपाच्या कळ्या घेऊन पाहिल्या तेव्हा छेद पेरुंगुडीच्या कळ्यांसारखेच चांगले आले.

“समैयलवाले जेवणाआधींच पळाले,” मामी म्हणाल्या. “एवढ्या उकाड्यांत कोण उभा राहील चुलीपाशीं?”

सुधींद्र राव दुसऱ्या दिवशी हॉस्टेलच्या वॉर्डनना भेटायला गेले. भांडायला नाही, सांगायला. वॉर्डनबाई भल्या होत्या. सगळे डबे हलवणं त्यांच्या हातात नव्हतं, पण खालच्या दोघांना वरच्या दिशेने झोत वळवणारी पत्र्याची टोपी त्यांनी बसवून घेतली. मामींनी तेवढ्यावर भरवसा ठेवला नाही. अंगणातलं बी त्यांच्याकडे नव्हतंच आणि फाटकाजवळची बोंडं अजून कच्ची होती, म्हणून माझ्याकडून पेरुंगुडीची बोंडं मागवली आणि फाटकालगत नवी रोपं केली. हॉस्टेलमधल्या एक-दोन मुली आता रविवारी त्यांच्याकडे डोकावतात. एकीने तर मायक्रोस्कोपमधून परागकण पाहून त्याचा फोटो काढला आणि तो आपल्या फोनच्या पडद्यावर लावला.

माझा संच ऑगस्टमध्ये मिळाला. सुधींद्र रावांच्या अक्षरातली लेबलं, लाकडी पेटी, खाचेत बसवलेल्या स्लाइड. उघडून पाहते तर ठरल्यापेक्षा एक जास्त. मी फोन केला.

“ती खराब कळी आहे,” मामी म्हणाल्या. “अंगणांतली. टाकून देणार होतें. मग वाटलें, पोरांनीं हेंही पाहायला हवें. सगळें नीट होतें तेव्हां काय होतें तेंच नेहमीं दाखवतों आपण.”

“लेबलावर काय लिहिलंय? अक्षर लागत नाहीये.”

“त्यांनीं लिहिलें. ‘उष्णतेनें बाधित’. मी म्हटलें, त्याखालीं लिहा, स्लाइड बनवणारीचा दोष नाहीं. तें नाहीं लिहिलें.”

मी हसले तशा त्याही हसल्या.

एवढं झाल्यावर डॉक्टरकडे जायची गरज नव्हती, पण मामींनी स्वतःच ठरवलं की जाऊन यायचं. आईच्या वेळी घरातले फार उशिरा गेले होते. आता भीती वाटत नाही तेव्हाच जाऊन येते, म्हणाल्या. मी बरोबर यायला तयार होते, पण सुधींद्र राव म्हणाले आम्ही दोघं जातो. डॉक्टरांनी शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढायला सांगितलं, उलटे आकडे म्हणून घेतले. मामींनी सगळं केलं. वयाच्या मानाने उत्तम आहे, असं डॉक्टर म्हणाले, आणि थोडं चालत जा रोज.

दवाखान्यातून निघून ते दोघं टिफिन खायला गेले. संध्याकाळी मला फोन आला. मामींचा आवाज इतका खुलला होता की मी आधी फोन दुसऱ्याच कुणाचा समजले. पोंगल कसा होता, वडा कसा होता, शेजारच्या टेबलावरचं लेकरू कसं चटणीत हात घालत होतं, सगळं सांगून झालं.

“घरीं आलों तर छत्री नाहीं,” त्या म्हणाल्या. “हाटेलांत राहिली.”

मी जरा सावध झाले. “कोण विसरलं?”

“दोघंही,” मामी म्हणाल्या. “आणि दोघंही रस्त्यांत भिजलों. अंगणांत वाळत घातलेत कपडे, झटकन वाळतील.”

मागून सुधींद्र रावांचा आवाज आला, की छत्री जुनीच होती, जाऊ दे. मामी त्यांना काहीतरी तमिळमध्ये म्हणाल्या आणि मग मला विचारू लागल्या, की पुढच्या वर्षी झेंडूच्या कळीचा संच केला तर कॉलेज घेईल का.